छोट्या शेतकऱ्यांच्या कामासाठी निधी: कुठला, कुणाकडून आणि कसा मागायचा

जागतिक बँकेला किंवा एखाद्या मोठ्या परदेशी फाउंडेशनला थेट पत्र लिहिलं की निधी मिळतो, या समजुतीत तालुका पातळीवरच्या कितीतरी संस्थांचं पहिलं वर्ष जातं. पत्राला उत्तर येत नाही. मग 'तिथे ओळख लागते' असं म्हणून लोक नाद सोडतात. ओळखीचा उपयोग होतो, हे खरंच. पण बहुतेक वेळा गाडी अडते ती आणखी अलीकडे: ज्या कामाला कर्ज हवं त्याला देणगी मागितलेली असते, किंवा जी संस्था कायद्याने तो पैसा घेऊच शकत नाही तिने तो मागितलेला असतो.

हा लेख कोरडवाहू भागातल्या छोट्या स्वयंसेवी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि त्या काढायच्या विचारात असलेल्या गटांसाठी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर निघाली. एवढ्या रानात एक हंगाम बुडाला की पुढच्या वर्षी नवं काही करून बघायची ताकद उरत नाही. देणगीचा पैसा कामाला येतो तो इथे. म्हणून पहिला नियम असा धरा: बँक जी जोखीम घेणार नाही आणि सरकारी योजनेत जे बसत नाही, तेवढ्यासाठीच देणगी मागायची. बाकीचं दुसरीकडून आणायचं.

१. आधी कामाचे तुकडे करा

समजा, वाशीम किंवा हिंगोलीकडचे चारशे तूर उत्पादक एकत्र येऊन डाळ मिल टाकू पाहताहेत. पहिला प्रस्ताव बहुधा एका ओळीचा असतो: डाळ मिल आणि गोदामासाठी साठ लाख रुपये मिळावेत. देणगीदार हा कागद बाजूला ठेवतो, कारण मिल ही कमाई करणारी वस्तू आहे आणि कमाई करणाऱ्या वस्तूला कर्ज मिळतं.

आता याच कामाचे तुकडे पाडून बघा. शेड आणि यंत्रसामग्रीसाठी राज्याच्या 'स्मार्ट' या कृषी व्यवसाय प्रकल्पासारखं अनुदान (पात्र उपप्रकल्पाला साठ टक्क्यांपर्यंत) आणि उरलेल्याला बँकेचं कर्ज. कर्जावर कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंत तीन टक्के व्याज सवलत. भागभांडवल सभासदांचं, केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत कंपनी घेतली गेली असेल, तर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एकूण १५ लाखांपर्यंत जोड रक्कम. त्याच योजनेत व्यवस्थापकाचा पगार आणि कार्यालय खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत.

मग उरतं काय? गावोगाव फिरून सभासद जोडणारी दोन माणसं. बायकांच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून त्या सभासदच होत नाहीत. ती गाठ सोडवायला लागणारे महिने. बियाण्याच्या चाचण्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या हंगामातली खरेदी. आडत्या मोंढ्यात रोख पैसे देतो, गरजेला उचलही देतो. कंपनी 'पंधरा दिवसांनी खात्यावर येतील' म्हणाली, तर शेतकरी एकदा ऐकेल, दुसऱ्यांदा पुन्हा आडत्याकडे जाईल. पहिल्याच हंगामासाठी खेळतं भांडवल द्यायला बँक तयार नसते, कारण कंपनीचा ताळेबंद कोरा असतो. देणगीदाराला नेमकं हे सांगा. साठ लाखांचा प्रस्ताव अठरा-वीस लाखांवर येतो आणि तो कशासाठी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जागतिक बँकेचं कोडंही इथेच सुटतं. 'पोकरा' म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज होतं, 'स्मार्ट'ला २१ कोटींचं, आणि फळं-भाजीपाला-फुलांच्या 'मॅग्नेट'ला आशियाई विकास बँकेचं १० कोटी डॉलरचं. ही कर्जं देशाने घ्यायची, राज्याने वापरायची आणि तुमच्यापर्यंत ती योजना म्हणून यायची. वॉशिंग्टन किंवा मनिलाला पत्र लिहू नका. जिल्ह्याच्या 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात जा आणि सध्या कुठल्या प्रकल्पाचे अर्ज चालू आहेत ते विचारा. मुदती, पिकांच्या याद्या, अटी बदलत राहतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

२. देणारा कोण आहे ते ओळखा

नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक, हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुर्लक्षित दरवाजा. बहुतेक जिल्ह्यांत नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक असतो. पाणलोट विकास निधी, आदिवासी विकास निधी, शेतकरी संस्थांसाठीची मदत यांची चौकशी त्याच्याकडे करायची. आदिवासी भागातल्या 'वाडी' प्रकल्पांचं मूळ 'बाएफ' या पुण्याच्या स्वयंसेवी संस्थेने दक्षिण गुजरातेत केलेल्या कामात आहे: एकेका कुटुंबाच्या एकरभर रानात आंबा-काजू, कडेला जंगली झाडं, मध्ये आंतरपीक. जर्मन मदतीतून ते वाढलं आणि नंतर नाबार्डने देशभर नेलं. लहान संस्थेला वाडीचा प्रकल्प मिळणं आजही अशक्य नाही.

कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे सीएसआर. ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक पायरी ओलांडलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के यावर खर्च करावे लागतात. ग्रामविकास, नैसर्गिक साधनसंपत्तीचं जतन, भूक आणि गरिबी निवारण हे विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे शेतीचं काम त्यात बसवता येतं. बहुतेक कंपन्या आपल्या कारखान्याच्या आसपासची गावं आधी बघतात. चाकणच्या कंपनीला मेळघाटचा प्रस्ताव पाठवू नये असं मी म्हणत नाही, पण तुमच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांची यादी आधी काढा.

देशी फाउंडेशन आणि न्यास कंपन्यांपेक्षा सावकाश ठरवतात, पण माणसांच्या पगारासाठी पैसे देण्याची तयारी त्यांच्यात जास्त दिसते. आणि सामाजिक कामात निम्मा खर्च माणसांचाच असतो.

मग परदेशी देणगीदार. या पैशाचं वजन मोठं वाटतं, पण त्यावर एकट्यावर उभं राहू नका. अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदत संस्थेचं काम २०२५ च्या जानेवारीत गोठवलं गेलं आणि १ जुलैला ती संस्था बंदच झाली. तिच्या पैशावर चालणारे जगभरातले शेतीचे प्रकल्प अर्ध्यावर थांबले. गावातल्या बाईला दिलेला शब्द आणि दुसऱ्या देशातली निवडणूक यांचा संबंध असू नये, पण तो असतो.

परदेशातल्या मराठी मंडळींबद्दल एक बारकावा. अमेरिकेत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी (तिचे नियम भाग ४ मध्ये) धरली जात नाही. त्याच घरातल्या, नागरिकत्व बदललेल्या भावाने दिलेली मात्र धरली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. देणगीच्या पावतीआधी नागरिकत्व विचारायची सवय लावा, आणि पासपोर्टची प्रत फाइलला जोडा.

शेवटी दलाल. 'आमची मंत्रालयात ओळख आहे, दहा टक्के आगाऊ द्या, सीएसआर आणून देतो' असे फोन जवळपास प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला येतात. खरा देणगीदार आगाऊ रक्कम मागत नाही, आणि मोठी देणगी घेऊन तिच्यातला हिस्सा रोखीने परत मागणारा तर तुम्हाला थेट गुन्ह्यात ओढतो. फोन ठेवून द्या.

३. कागदपत्रं

कंटाळवाणा भाग आहे, पण निम्मे प्रस्ताव इथेच गळतात.

महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. देणगीदार सर्वात आधी विश्वस्तांची यादी मागतो, आणि तिथे नेहमीची भानगड निघते: निवडणूक झाली, नवे विश्वस्त आले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून आहे. परिशिष्ट एकवर अजून वारलेल्या अध्यक्षांचं नाव. हे निस्तरायला वेळ लागतो, म्हणून निधी शोधण्याच्या आधी वकिलाकडे जाऊन ते मार्गी लावा. लेखापरीक्षण अहवालही दरवर्षी वेळेत दाखल झालेला असावा.

त्यानंतर पॅन, प्राप्तिकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि सीएसआरसाठी कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने नमुने भरण्याआधी सीएला विचारा. दोन हजारांवरची रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला ८०जीची वजावट मिळत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही सांगून ठेवा.

शेतकरी उत्पादक कंपनीला सीएसआरचं काम राबवणारी संस्था म्हणून थेट उभं राहता येत नाही. ती जागा १२ए-८०जी असलेल्या न्यास, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनीची, आणि तिलाही तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मात्र सीएसआरमधून घेतलेलं यंत्र किंवा शेड लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा सामूहिक संस्थेच्या मालकीचं ठेवण्याची सोय नियमांत आहे. म्हणून स्वयंसेवी संस्था आणि शेतकरी कंपनी अशी जोडी चांगली चालते, अट इतकीच की दोघींमध्ये कोण काय करणार याचा लेखी करार असावा. दोन्हीकडे तीच पाच माणसं संचालक असतील, तर देणगीदाराला शंका येणारच, आणि ती रास्त आहे.

४. परदेशी पैसा घ्यायचा असेल तर

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख खर्च केलेले हवेत. ते नसेल, तर एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेची पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचं आश्वासनपत्र लागतं. पैसे सर्वात आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. तिथून ते गावाकडच्या खात्यात वळवता येतात. स्थानिक देणगी त्या खात्यात चुकूनही टाकायची नाही. त्या खात्यावरचं व्याजही परदेशी निधीच समजलं जातं.

२०२० च्या दुरुस्तीने दोन गोष्टी मुळापासून बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं, दुसरीकडे एफसीआरए नोंदणी असली तरीसुद्धा. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था निधी आणायची आणि गावातल्या पाच-सहा छोट्या संस्थांना वाटून द्यायची. लहान संस्थांची वाढ त्यावर होत असे, आणि माझ्या मते या दुरुस्तीचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसला. आता मोठ्या संस्थेला ते काम स्वतःच्या माणसांकडून करावं लागतं. 'आम्ही तुमच्या नावावर आणतो, मग तुम्हाला देतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. नोंदणी पाच वर्षांची असते. मुदतीच्या आधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यातही किमान चार महिने हातात ठेवा.

५. जर्मन पैशातल्या पाणलोटाकडून शिकण्यासारखं

देणगीदाराचा विश्वास कसा बांधायचा याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्यामागे अहमदनगरमध्ये (आताच्या अहिल्यानगरमध्ये) आयुष्य घालवलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर होते. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था सुरू केली. पैसा जर्मन सरकारचा: कामांसाठी केएफडब्ल्यू बँकेमार्फत, गावाच्या तयारीसाठी जीटीझेड या तांत्रिक सहकार्य संस्थेमार्फत. भारतातली जबाबदारी नाबार्डकडे, आणि प्रत्यक्ष काम गावच्या पाणलोट समितीचं आणि तिच्यासोबतच्या स्वयंसेवी संस्थेचं.

यात गंमत अशी की गावाला पैसे आधी मिळत नसत. गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, ग्रामसभेत समिती निवडायची. चराईबंदीचा ठराव कागदावर सोपा असतो. शेळ्यांवर पोट असलेल्या घरांची सोय कशी लावायची यावर गावात खडाजंगी होते, आणि ते भांडण पैसे यायच्या आधी होऊन जातं. त्यानंतर पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर सुमारे वर्ष-दीड वर्ष क्षमताबांधणीचा टप्पा. तिथे समितीने हिशोब नीट ठेवला, मजुरी वेळेत वाटली, कामाचा दर्जा राखला, तरच पूर्ण क्षेत्राचा पुढचा टप्पा.

अंदाजपत्रक करायची रीतही वेगळी होती. तांत्रिक माणूस शेतकरी नवरा-बायकोला घेऊन त्यांच्याच गट नंबरात फिरायचा. बांध कुठे, चर कुठे, कुठली झाडं, हे तिथेच ठरायचं. असे सगळे गट नंबर जोडून गावाचा आराखडा व्हायचा. त्यामुळे 'माझ्या रानात विचारल्याशिवाय चर खणला' ही नेहमीची तक्रार कमी होत असे, आणि देणगीदाराला दिसणारा प्रत्येक रुपया एका ठरावीक तुकड्यावर बोट ठेवून दाखवता येत असे.

तुमच्या प्रस्तावात हेच उतरवा. पहिल्याच फटक्यात वीस गावं, तीन वर्षं, दोन कोटी असं मागू नका. दोन गावं, बारा ते अठरा महिने, त्याच्या शेवटी काय तपासायचं आणि ते जमलं तर पुढे काय, असं मागा. देणगीदाराला 'नाही' म्हणायची जागा ठेवलेला प्रस्ताव त्याला 'हो' म्हणायला सोपा जातो.

६. प्रस्ताव लिहिताना

आधी दीड-दोन पानांचं संकल्पपत्र. त्यात जागतिक तापमानवाढीवर दोन परिच्छेद नकोत. वाचणाऱ्याला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुमच्या गावात विहिरी कुठल्या महिन्यात तळ गाठतात, तुरीला मोंढ्यात काय भाव मिळाला आणि तेव्हा हमीभाव किती होता, किती घरं ऊसतोडीला जातात, हे त्याला माहीत नसतं. ही माहिती जमवायला विद्यापीठ लागत नाही. पन्नास घरांच्या आडतीच्या पट्ट्या गोळा करा: वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई, कटती. त्या पट्ट्यांच्या बेरजेत तुमच्या कंपनीच्या फायद्याचं सगळं गणित असतं, आणि तिच्याइतका पटणारा पुरावा दुसरा नाही. सोबत तीस-चाळीस विहिरींची मे महिन्यातली पातळी, दूध घालणाऱ्यांची डेअरीची पुस्तकं. शेतकऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती मात्र ईमेलवर फिरवू नका; देणगीदाराने मागितल्या तरी कशासाठी, असं विचारा.

पैशाचा तक्ता करताना प्रत्येक ओळीला परिमाण आणि दर हवा. 'प्रशिक्षण: ३ लाख' असं लिहिलं तर प्रश्न येणारच. किती बैठका, किती माणसं, चहा-जेवण, प्रवास, प्रशिक्षकाचं मानधन, असं फोडा. माती-पाण्याच्या कामांना शासनाच्या चालू दरसूचीतला दर घ्या. विसरल्या जाणाऱ्या गोष्टी नेहमी त्याच: लेखापरीक्षणाची फी, कार्यकर्त्याच्या गाडीचं पेट्रोल, भविष्य निर्वाह निधी, आणि जीएसटी. संस्थेला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळत नसेल तर तो सरळ खर्चच आहे. कोटेशनमध्ये 'कर वेगळा' असं लिहिलेलं यंत्र कराच्या रकमेएवढं महाग पडतं आणि ती तूट मग कुणाच्या तरी पगारातून भरली जाते.

लोकवाटा खरा दाखवा. श्रमदान असेल तर हजेरीपटावर नावं, तास, आणि चालू मजुरीने काढलेली किंमत. लोकवाटा म्हणून शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत धरणारे तक्ते मी पाहिले आहेत. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

७. हंगामाचं आणि पैशाचं वेळापत्रक जुळवा

इथे सगळ्यात जास्त प्रकल्प फसतात, आणि मार्गदर्शनपर लेखांमध्ये याबद्दल क्वचितच काही असतं. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी, समितीची बैठक, करार हे होता होता पहिला हप्ता अनेकदा पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर येतो, आणि खर्च मार्चआत दाखवायचा असतो. आपलं वर्ष मृगाला सुरू होतं. बियाण्याचा पैसा ऑगस्टमध्ये येऊन उपयोग नाही. बांधबंदिस्ती आणि चर रब्बी निघाल्यावर, साधारण फेब्रुवारी ते मे या काळातच करता येतात. त्याच दिवसांत मजूर गावात असतील की कारखान्यावर, हाही प्रश्न.

म्हणून उलटं मोजा. खरिपाचं काम असेल तर पैसा एप्रिलमध्ये हातात हवा, म्हणजे प्रस्ताव आधीच्या दिवाळीपर्यंत पोहोचलेला हवा. जानेवारी ते मार्चमध्ये कंपन्या पुढच्या वर्षाचा कृती आराखडा करत असतात, त्या सुमारास तुमचा कागद त्यांच्या टेबलावर असावा. शक्य असेल तर बहुवार्षिक 'चालू प्रकल्प' म्हणून करार मागा. अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते, आणि मार्चअखेर घाईघाईने निकृष्ट बंधारा बांधायची पाळी येत नाही.

८. पाहणी आणि करार

देणगीदाराचा माणूस गावात येतो तेव्हा शाल-श्रीफळ, रांगोळी आणि सरपंचांचं अर्ध्या तासाचं भाषण यात त्याचा दिवस जातो, आणि त्याला हवं ते बघायला मिळत नाही. त्याला बघायचं असतं ते साधं असतं: बैठकांची इतिवृत्त वही, पासबुक, आणि अध्यक्षांच्या अनुपस्थितीत लोक काय बोलतात ते. अनुभवी अधिकारी हमखास मागे बसलेल्या बाईकडे वळून विचारतो, 'काकू, गटात किती पैसे शिल्लक आहेत?' काकूंना ते सांगता आलं तर तुमचं अर्धं काम झालं. सांगता येत नसेल तर ते पढवून घेऊ नका. गटाच्या प्रत्येक बैठकीत शिल्लक मोठ्याने वाचायची पद्धत पाडा.

करारात चार कलमं बोट ठेवून वाचा. हप्ते कशावर सुटतात? विनियोग प्रमाणपत्रावर (आधीचा हप्ता खर्च झाल्याच्या दाखल्यावर) असतील, तर दोन हप्त्यांच्या मधले पगार कुठून द्यायचे? यंत्रांची मालकी प्रकल्पानंतर कुणाची? एका शीर्षातून दुसऱ्यात किती टक्के वळवता येतात? आणि दुष्काळ, अतिवृष्टी झाली तर उद्दिष्टं बदलण्याची सोय आहे का? शेवटचं कलम सहसा नसतं. ते घालून मागा. बहुतेक देणगीदार मान्य करतात.

९. हिशोब आणि मोजमाप

प्रत्येक देणगीदाराची वेगळी खातेवही, प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव, मजुरी खात्यावर. एवढं पहिल्या दिवसापासून केलं तर वर्षाअखेर रात्री जागवाव्या लागत नाहीत. काम बिघडलं तर तिमाही अहवालाची वाट न बघता फोन करा. उशिरा कळलेली वाईट बातमी देणगीदाराला आपल्या वरिष्ठांना समजावता येत नाही.

यश मोजताना पावसापासून सावध. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ मध्ये पाऊस भरपूर झाला, परतीच्या पावसाने तर उभी पिकं नेली. ज्या संस्थेने पायाभूत (काम सुरू होण्याआधीची) पाहणी २०१८ मध्ये केली, तिच्या विहिरी पुढच्या वर्षी आपोआप भरलेल्या दिसल्या असणार, बंधारे बांधले असोत वा नसोत. म्हणून शेजारचं, काम न झालेलं एक गाव सुरुवातीपासूनच मोजायला घ्या आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा आकडा प्रत्येक तक्त्यात लिहा. निर्देशक चारपेक्षा जास्त नकोत. तुरीच्या उदाहरणात ते असे असतील: सभासदाच्या हातात क्विंटलमागे पडलेली निव्वळ रक्कम, दुसऱ्या हंगामात परत आलेल्या सभासदांचं प्रमाण, पैसे मिळायला लागलेले दिवस, आणि स्वतःच्या नावावर भाग असलेल्या बायका.

१०. देणगीनंतरच्या पैशाची तयारी पहिल्या वर्षीच

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या, द्राक्षांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीने २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को यांच्याकडून सुमारे ३१० कोटींची गुंतवणूक घेतली. शेवटच्या दोन या सरकारांच्या पाठबळावरच्या विकास वित्तसंस्था आहेत, म्हणजे हाही विकासासाठीचाच परदेशी पैसा, पण भागभांडवलाच्या रूपात आलेला. तिथवर प्रत्येकाला जायचं नाही, आणि द्राक्षाचं गणित तुरीला लावताही येत नाही. घेण्यासारखं एवढंच की गुंतवणूकदार आणि बँक दोघेही सलग काही वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागतात, आणि त्यात धंद्याचा नफा आणि देणगी वेगवेगळी दिसावी लागते.

त्यामुळे देणगीतून दिलेला कार्यकर्त्याचा पगार हिशोबात स्पष्ट लिहा आणि दरवर्षी एक वेगळा कागद करा: हा पगार कंपनीने स्वतः दिला असता तर यंदा नफा झाला असता की तोटा? पहिल्या वर्षी आकडा उणे येईल. दुसऱ्या वर्षापासून त्या पगारातला चौथा हिस्सा कंपनीच्या उत्पन्नातून भरायला लागा, आणि क्विंटलमागे काही रुपये देखभाल निधीत वेगळ्या मुदत ठेवीत टाका. डाळ मिलची मोटर जळते ती नेमकी आवक जोरात असताना. देणगीचा शेवटचा हप्ता यायच्या सहा महिने आधी हा कागद आणि तीन ताळेबंद घेऊन जिल्हा बँकेच्या नाही, तर शेतकरी कंपन्यांना कर्ज देण्याचा अनुभव असलेल्या शाखेच्या व्यवस्थापकाला भेटा. अशी शाखा कुठली, हे शेजारच्या तालुक्यातली एखादी जुनी शेतकरी कंपनी सांगेल.